जर-तरचा इतिहास आणि एका बापाचा अपवाद

जर-तरचा इतिहास म्हटलं की आपल्या मराठी श्रोत्यांना डॉ. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा आठवते. विश्वासरावांची गोळी चुकली असती तर? आज ज्या मालिकेवर बोलणार आहे तिचा ‘जर’ त्याहून पुष्कळ काळोखा आहे. दुसरे महायुद्ध जर्मनी आणि जपान यांनी जिंकले असते तर? फिलिप के. डिक यांची ‘द मॅन इन द हाय कॅसल’ ही कादंबरी १९६२ सालची. तिच्यावरून ॲमेझॉनने २०१५ ते २०१९ या काळात चार पर्वांची, चाळीस भागांची मालिका केली. अमेरिकेचा पूर्व भाग नाझींकडे, पश्चिम किनारा जपानकडे आणि मधे एक पट्टा कुणाचाच नाही. आम्ही दोघांनी ती नातवाच्या लॅपटॉपवर पाहिली, रात्री दोन-दोन भाग. या वयात झोप तशीही कमीच लागते.

कादंबरीत एक बंदी घातलेले पुस्तक लोक चोरून वाचतात, त्यात मित्रराष्ट्रे जिंकलेली असतात. मालिकेने त्या पुस्तकाच्या जागी चित्रफिती आणल्या. मला हा बदल तोट्याचा वाटतो. पुस्तक वाचल्यावर माणसाला स्वतः काही ठरवावं लागतं. फीत म्हणजे आयता पुरावाच. पुढे तर दुसऱ्या जगात जायचं यंत्रच उभारतात आणि तत्त्वज्ञानाचं काम इंजिनिअरांकडे जातं. असो.

पहिल्याच भागात एक प्रसंग आहे. तरुण ट्रकचालकाचं चाक पंक्चर होतं, पोलीस मदतीला येतो. मोठा प्रेमळ माणूस, बायकोने दिलेलं सँडविचही पुढे करतो. आकाशातून राख पडत असते. ही कसली, असं विचारल्यावर तो सहज सांगतो की आज मंगळवार, इस्पितळात अपंग आणि बरे न होणारे रोगी जाळतात. आता बघा, हा भाग जर-तरचा नाहीच. जर्मनीत १९३९ पासून ‘टी-फोर’ नावाने हेच चाललं होतं. १९४१च्या ऑगस्टमध्ये ते अधिकृतपणे थांबेपर्यंत सत्तर हजारांवर अपंग आणि मनोरुग्ण मारले गेले होते. मालिकेने फक्त पत्ता बदलला.

आणि त्या कायद्याखाली येतो जॉन स्मिथचा मुलगा. स्मिथ हे पात्र कादंबरीत नाही, मालिकेने घडवलेलं आहे आणि माझ्या मते तिची सगळ्यात मोठी कमाई तेच. पूर्वीचा अमेरिकन सैनिक, आता नाझींचा बडा अधिकारी. न्याहरीच्या टेबलावर आदर्श बाप. थॉमसला स्नायूंचा वंशगत आजार निघतो. डॉक्टर बापाच्या हाती इंजेक्शन देतात, घरीच उरकून घ्या म्हणून. स्मिथ तेच इंजेक्शन डॉक्टरला टोचतो.

हे पाहताना ही म्हणाली, “बरं झालं बाई, पोरगा वाचला.” मलाही अगदी तसंच वाटलं होतं. एका खुनानंतर सुटकेचा श्वास. मी चाळीसेक वर्षं नीतिशास्त्र शिकवलेला माणूस!

कांट म्हणतो, कर्तव्य मोडताना आपल्याला नियम नको असतो असं नाही. नियम सगळ्यांना हवा असतो, फक्त आपल्यापुरता अपवाद हवा असतो. वर्गात हे सांगताना अपवाद म्हणजे लबाडी, इतकं सोपं गणित असायचं. इथे ते उलटं झालं. त्या माणसात माणूसपण उरलं आहे ते त्या अपवादातच. आणि तरीही त्याला सूट देता येत नाही, कारण आपल्या पोराला वाचवणारा हा बाप दुसऱ्यांच्या पोरांसाठी कायदा तसाच ठेवतो.

१९६१ साली जेरुसलेमच्या खटल्यात ॲडॉल्फ आइकमनने आपण कांटच्या नीतीप्रमाणे जगलो असं सांगितलं होतं. हाना आरेंट यांनी त्याची चिकित्सा केली आहे. या आइकमनने एका अर्ध-ज्यू नातलगाला आणि व्हिएन्नाच्या एका ज्यू जोडप्याला मदत केली होती. त्याला अवघडल्यासारखं वाटत होतं ते या दोन गोष्टींचं! लाखोंचं नाही.

स्मिथच्या घरात आइकमनइतका सरळ निघतो तो थॉमस. पोराला आपला आजार कळतो आणि तो स्वतःहून अधिकाऱ्यांच्या स्वाधीन होतो. बापाने शिकवलेलं त्याने खरं मानलं होतं, अपवाद तेवढा शिकवला नव्हता. त्या दृश्यात संगीताचा जरा जास्तच मारा आहे, पण ते विसरायला होतं. पुढे राज्य त्याला हुतात्मा ठरवतं, आणि आईबापाला त्या गौरवाखाली मान ताठ ठेवून उभं राहावं लागतं.

चौथ्या पर्वात स्मिथ त्या यंत्रातून दुसऱ्या जगात जातो. तिथला थॉमस जिवंत आहे. तो नौदलाच्या सैन्यात भरती होऊन व्हिएतनामला जायचं म्हणतो, आणि नाझी वर्दी घरी ठेवून आलेला हा बाप त्याला जाऊ नको म्हणून विनवतो. परत आल्यावर तो काय करतो ते सांगत नाही. पाहून या, मग बोलू.