शिर एकीकडे, धड दुसरीकडे

रामसे बंधूंच्या भयपटांकडे पाहण्याची जी रीत अलीकडे पडली आहे, ती आम्हांस मान्य नाही. त्यांच्या काळच्या टीकाकारांनी ज्या चित्रपटांस दोन ओळींत निकालात काढले, त्यांनाच आता काही रसिक हसत हसत डोक्यावर घेतात. मुखवटा जितका ओबडधोबड, तितकी वाहवा अधिक. हेही तुच्छतेचेच रूप होय. जुने टीकाकार निदान उघडपणे नाक मुरडीत असत.

फतेहचंद रामसे हे फाळणीनंतर कराचीहून मुंबईस आलेले रेडिओचे व्यापारी. त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' (१९७०) हा चित्रपट आपटला. परंतु पृथ्वीराज कपूर विद्रूप मुखवटा चढवून चोरीस निघतात, त्या प्रसंगी प्रेक्षक खुर्चीत दचकतो, हे मुलांनी हेरले. त्यातून 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) जन्मास आला. सात भावांत सारी खाती वाटलेली : कुमार लेखनास, तुलसी व श्याम दिग्दर्शनास, गंगू कॅमेऱ्यामागे, किरण ध्वनीस, संकलनही घरचेच. ही मंडळी महाबळेश्वरच्या सरकारी विश्रामगृहात उतरली आणि तेथेच चित्रण उरकून आली. विश्रामगृहाच्या नोंदवह्या ज्यांच्या सहीने पुढे सरकतात अशा आमच्या वाचकांस तो मुक्काम डोळ्यांसमोर आणणे अवघड नाही. या काटकसरीत एक स्वाभिमान होता, हे कबूल केलेच पाहिजे. चित्रपट महानगरांतील मोठ्या पडद्यांसाठी नव्हतेच. त्यांची खरी कमाई लहान गावांतली.

त्यांतील सर्वांत गाजलेला 'पुराना मंदिर' (१९८४). सामरी नामक नराधमाचा राजाज्ञेने शिरच्छेद होतो. शिर हवेलीत पेटीबंद, धड जुन्या देवळाच्या आवारात पुरलेले. मरतेवेळी तो शाप देतो, की या घराण्यातील स्त्रिया प्रसूतीतच मरतील. पुढे ठाकूर आपल्या मुलीच्या प्रेमास विरोध करतो, तेव्हा हिंदी चित्रपटांस सरावलेला प्रेक्षक समजतो, की हा श्रीमंतीचा नेहमीचा ताठा. पण बाप भ्यालेला असतो : मुलगी आई झाली, की मेली. कुलाभिमानाआड लपलेली ही भीती फार गंभीर आहे. लहान गावातील त्या चित्रगृहात बसलेल्यांपैकी कितीजणांच्या घरी बाळंतपणाने माणूस नेले असेल! भयपटास याहून सशक्त बीज ते कोणते हवे?

आणि नेमके येथेच हे बंधू कच खातात. बीज पेरून त्यावर पाणी घालण्याऐवजी ते जगदीप यांस डाकू करून 'शोले'चे विडंबन मांडतात, मध्येच गाणे घालतात, स्नानगृहात नायिकेस भिजवितात. पैशाच्या तुटवड्याचे हे लक्षण नव्हे. गाणी आणि विडंबन यांनाही रीळ लागतेच. आपल्याच भीतीवर निर्मात्यांचा विश्वास नव्हता, हे खरे कारण. सामरीप्रमाणे चित्रपटाचेही शिर एकीकडे आणि धड दुसरीकडे पडले आहे. 'वीराना' (१९८८) आणि 'बंद दरवाजा' (१९९०) यांत कॅमेऱ्याची सफाई वाढली, निळ्या-तांबड्या प्रकाशाची कारागिरी तर कित्येकदा देखणी आहे. ही दुफळी मात्र सांधली गेली नाही.

दुसरे उणे भुतांचे. आपल्याकडील भुताला पत्ता असतो, नियम असतात. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात. कोण कशाने मेला, म्हणजे कोठे व कसा भेटेल, हे आजीला ठाऊक असे. सामरीला असा मुलूख नाही. तो विलायती भयपटांच्या कापडातून बेतलेला आणि वर त्रिशुळाने टाचलेला आहे. त्यांनी महाबळेश्वरचे धुके घेतले, महाबळेश्वर घेतले नाही. तेथले कडे उतरून खाली कोकणात गेले असते, तर त्यांस अळवंतीण भेटली असती : बाळंतपणात मेलेली बाई, जी स्वतःच भूत होऊन परत येते. 'पुराना मंदिर'मध्ये मरण बायकांचे आहे. परत येतो तो मात्र सामरी.