'एम'चं पान

मूल हायस्कूलात गेलं की आपल्या घरात एक जाडजूड पुस्तक येतं. शब्दसंग्रहाचं. प्रकाशक कुठलाही असो, आतली मांडणी एकच. 'ए'पासून 'झेड'पर्यंत शब्दांच्या रांगा, प्रत्येक शब्दापुढे एक आडवी रेघ, आणि रेघेपलीकडे एक अर्थ. "आज 'एम'चं पान पाठ झालं का?" हा प्रश्न सुट्टीत आपल्या कित्येक घरांत ऐकू येतो. म्हटलं, मुलांना विचारण्याआधी हे 'एम'चं पान आपणच एकदा नीट वाचून पाहावं.

पानावर ओळखीची मंडळी भेटतात: मॅग्नॅनिमस, मेटिक्युलस, मिटिगेट, मॉलिफाय. रेघेपलीकडे अनुक्रमे उदार, काटेकोर, सौम्य करणे, शांत करणे. चूक काहीच नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री उजळणीला अशी यादी उपयोगी पडते, हेही मान्य. पण भाषा शिकवण्याचं साधन म्हणून पाहिलं तर तिच्यात तीन मोठे दोष आहेत, आणि ते तिच्या मांडणीतच आहेत.

मुळात या याद्या जन्माला आल्या त्या विशिष्ट प्रश्नांसाठी. एसएटीत विरुद्धार्थी शब्द विचारत, तोवर सुटे शब्द घोकण्यात थोडा तरी हिशेब होता. ते प्रश्न 1994 साली गेले. शब्दांच्या जोड्या जुळवण्याचे प्रश्न 2005 साली गेले, आणि अवघड शब्दांनी गाळलेल्या जागा भरण्याचे प्रश्न 2016 साली. जीआरईनंही विरुद्धार्थी शब्द आणि जोड्या 2011 साली सोडून दिल्या. आता भर असतो तो, संदर्भात शब्द कसा बसतो यावर. परीक्षेनं वाट बदलली, आपली घोकंपट्टी मात्र जुन्याच वाटेवर चालू आहे.

पहिला दोष हा, की एका शब्दाला एकच अर्थ. खरी मेख अवघड शब्दांत नसते, सोप्यांत असते, आणि सोपे शब्द हे पुस्तक घेतच नाही. 'मीन' हा शब्द घ्या. 'म्हणायचं आहे' या अर्थाचा 'मीन' जुन्या इंग्रजीतल्या एका क्रियापदावरून आला. गणितातला सरासरीचा 'मीन' फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आला. त्याचं मूळ 'मधला'. तिसरा 'मीन' मुळात 'सामाईक' अशा अर्थाचा. सामाईक ते सामान्य, सामान्य ते हलकं, अशी त्याची घसरण झाली. आज तो अमेरिकेत 'दुष्ट' असतो आणि इंग्लंडात बहुधा 'कंजूष'. तीन वेगवेगळी माणसं एकाच नावानं वावरताहेत. 'मिंट'चंही तेच: पुदिन्याचा वेगळा, टांकसाळीचा वेगळा. 'मोल' म्हणाल तर चेहऱ्यावरचा तीळ वेगळा, जमीन उकरणारा प्राणी वेगळा, रसायनशास्त्रातलं एकक वेगळं. प्राण्यावरून मात्र आतल्या गोटातला हेर आला.

अवघड शब्दांच्या बाबतीतही आडवी रेघ बरंच लपवते. 'मेटिक्युलस'मध्ये लॅटिन 'मेटस' आहे, म्हणजे भीती. इंग्रजीतही हा शब्द आधी 'भित्रा' या अर्थी होता, मग 'क्षुल्लक गोष्टींची नको तितकी काळजी करणारा' झाला, आणि पुढे कौतुकाचा. हे एकदा कळलं की शब्द विसरायचा म्हटला तरी विसरत नाही.

दुसरा दोष शब्दरूपांचा. यादीतला शब्द एकटा उभा असतो, त्याला नातेवाईक नसतात. मॅग्नॅनिमसला मॅग्नॅनिमिटी आहे, त्याच घराण्यातले मॅग्निफाय आणि मॅग्निट्यूड आहेत. पण पहिला भेटतो एका पानावर, दुसरा चौथ्या पानावर, आणि ओळख कुणीच करून देत नाही. एक ना धड भाराभर चिंध्या! आणि अनेकवचनं? 'माउस'चं 'माइस'. 'मूस' हा उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला शब्द, त्याचं अनेकवचन 'मूस'च. 'मॉन्गूस'चं काय? 'गूस'चं 'गीस' होतं म्हणून मुलं बिनदिक्कत 'मॉन्गीस' म्हणतात. बरोबर रूप 'मॉन्गूसेस', कारण या शब्दाचा हंसाशी काडीचा संबंध नाही. तो आपला मुंगूस आहे! मोठे इंग्रजी कोश त्याचं मूळ मराठीत दाखवतात. म्हणजे इंग्रजी व्याकरणाच्या या प्रश्नाचं उत्तर आजीच्या तोंडी होतं, आणि ते तिला कुणी विचारलं नाही.

इथेच तिसरा दोष येतो, शब्दाचं मूळ न सांगण्याचा. राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धेत मुलं माइकसमोर उभी राहून काय विचारतात ते आठवा: शब्द कुठल्या भाषेतून आला? हा प्रश्न वेळ काढण्यासाठी नसतो. स्पेलिंगची किल्ली त्यात असते. 1985 साली बालू नटराजन हा भारतीय वंशाचा पहिला विजेता ठरला तो 'मिल्यू' या शब्दावर. फ्रेंच 'मि' म्हणजे मधला आणि 'ल्यू' म्हणजे जागा. तो 'मि' लॅटिन 'मेडियस'मधून आला, आणि 'मेडियस' हा आपल्या 'मध्य'चा भाऊ. 2021 साली झाइला अवाँ-गार्ड जिंकली तो शब्द 'मुराया'. मरे नावाच्या अठराव्या शतकातल्या वनस्पतिशास्त्रज्ञावरून ठेवलेलं हे एका वृक्षकुळाचं नाव. आपला कढीपत्ता शास्त्रात 'मुराया कोनिगी' म्हणूनच ओळखला जात आला आहे. फोडणीत रोज पडणारं पान असं स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचलं होतं.

आता थोडं आपल्या बाजूलाही बोलायला हवं. मुलांच्या पुस्तकांत मूळ नसतं, तर आपल्या गप्पांत ते नको तिथे असतं. 'मदर' मातृवरून आला, 'माउस' मूषकावरून, 'मर्डर' मृत्यूवरून, म्हणजे इंग्रजी संस्कृतातूनच निघाली, असं जेवणाच्या टेबलावर छातीठोकपणे सांगणारे आपल्यात कमी नाहीत. हे खरं नव्हे. विल्यम जोन्सनं 1786 साली कलकत्त्यात मांडलं ते असं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच जुन्या, कदाचित आता न उरलेल्या भाषेतून निघाल्या असाव्यात. मदर आणि मातृ या बहिणी आहेत, मायलेकी नव्हेत. 'मंथ' आणि मास, 'मीड' नावाचं मधाचं मद्य आणि मधु, 'मॅरो' आणि मज्जा, यांचंही नातं तसंच.

उधारी वेगळी. आपला मंत्री मलायात 'मंतेरी' झाला, पोर्तुगीजांनी त्याला 'मांदारीं' केलं आणि इंग्रजीत तो 'मँडरिन' म्हणून चिनी दरबारात जाऊन बसला. 'मॉन्सून'चं मूळ अरबी 'मौसिम'. आपला मोसमही तिथलाच, म्हणजे दोघंही एकाच सावकाराचे ऋणको. आणि काही साम्यं निव्वळ योगायोगाची. नदीतला 'मगर' नावाचा 'मगर' आपला, पण रस्त्यावर लुबाडणारा 'मगर' इंग्रजी बोलभाषेतला. धनाढ्य 'मोगल' दिल्लीचा, बर्फावर स्कीइंगवाल्यांना लागणारे 'मोगल' ऑस्ट्रियाकडचे. कानाला सारखं लागलं म्हणून नातं जोडू नये, हाही शिकण्यासारखाच धडा आहे.

मग करायचं काय? पुस्तक फेकायचं नाही. त्या आडव्या रेघेपुढे पेन्सिलीनं तीन गोष्टी लिहायच्या: शब्दाची रूपं, दुसरा अर्थ, आणि मूळ. रोज वीसऐवजी चारच शब्द होतील, होऊ देत. इंग्रजी कोशाशेजारी मोल्सवर्थही उघडा. 1857 सालची त्याची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठानं संगणकावर सर्वांसाठी खुली ठेवली आहे. एका इंग्रज अधिकाऱ्यानं मराठी शब्दाला किती अर्थ आणि किती छटा असतात ते केवढ्या आस्थेनं नोंदवलं, ते मुलांना दिसू दे.

यात एक भीतीही आहे, आणि ती बोलून दाखवलेली बरी. घरात मराठी बोललं तर इंग्रजी कच्चं राहील, या धास्तीनं अनेकांनी मुलांशी मराठी बोलणं सोडलं. 'एम'चं पान याच्या उलट साक्ष देतं. 'मॅग्नॅनिमस'ची फोड केली तर लॅटिन 'मॅग्नस' म्हणजे महान आणि 'अॅनिमस' म्हणजे मन, आत्मा. ज्या मुलाला 'महात्मा' हा शब्द अर्थासकट माहीत आहे, त्याला हा शब्द पाठ करावा लागत नाही. तो त्याला ओळखीचा वाटतो.