सोवळे आणि श्रद्धा : ‘स्मृतिचित्रे’तील ख्रिस्ती जीवन

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’कडे मराठी समीक्षा बहुधा दोन दृष्टींनी पाहत आली : निर्व्याज, विनोदी शैलीचा नमुना म्हणून, अथवा रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या चरित्राचे साधन म्हणून. दोन्ही दृष्टी रास्त आहेत. पण त्यांमुळे लेखिकेची श्रद्धा पार्श्वभूमीतच राहते. १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथेचे आंतरिक सूत्र मात्र त्या श्रद्धेतच आहे.

ग्रंथाचा आरंभ वडिलांच्या सोवळ्याने होतो. १८५७ च्या बंडानंतर आप्ताला झालेल्या फाशीने हादरलेला हा गृहस्थ स्पर्शाच्या भयाने ग्रासला जातो. बाहेरून येणारी वस्तू धुऊन घेतल्याखेरीज घरात येत नाही. मीठदेखील त्यातून सुटत नाही. संरक्षणासाठी उभारलेली ही तटबंदी घरच्यांचाच तुरुंग होते. वाचक हसतो, परंतु श्रद्धेने माणसाचे रक्षण होते म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न येथेच उपस्थित झालेला असतो.

टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या वर्षांत त्यांचे मन कोणत्याही वादविवादाने जिंकले गेले नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच सोडविला आणि सोवळ्याची एकेक गाठ आपल्याच हाताने सोडली. पुढे त्यांच्या घरात अनाथ मुले, विद्यार्थी, रंजलेगांजलेले येत राहिले. वडिलांना ज्याचे भय वाटले असते, तो स्पर्शच लेकीच्या धर्माचरणाचे रूप झाला.

या श्रद्धेने दारिद्र्य टळले नाही, आजार टळले नाहीत, मृत्यू तर नाहीच. तिने रक्षण केले ते मनाला ग्रासणाऱ्या कटुतेपासून. आप्तांनी दिलेले दुःख सांगतानाही लेखणी विखारी होत नाही. हसण्याचा पहिला मान लेखिका स्वतःकडे घेते. लक्ष्मीबाईंचा विनोद हा त्यांच्या श्रद्धेचाच वाङ्मयीन आविष्कार आहे.

म्हणूनच हे संतचरित्र झालेले नाही. टिळकांचे औदार्य जगाला सुखावते, पण त्याचा भार गृहिणीवर पडतो. त्यांचा तापट स्वभावही येथे झाकलेला नाही. सत्प्रभावाची किंमत कोणी मोजली, हे स्पष्ट दिसत असल्यामुळेच तो प्रभाव विश्वसनीय वाटतो. १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्यांसाठी ‘देवाचा दरबार’ उभारू पाहणारे टिळक या घरातूनच समजू लागतात.

एक मर्यादा मात्र नोंदविली पाहिजे. अंतःकरणातील संघर्षावर लेखिका फार काळ थांबत नाही; शंकेचा प्रसंगही चटकन आख्यायिका होतो. भक्तीचा गाभा शोधणाऱ्या वाचकाला टिळकांच्या अभंगांकडे, किंवा त्यांचे अपुरे राहिलेले आणि लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलेले ‘ख्रिस्तायन’ याकडे वळावे लागेल. तथापि, रोजच्या संसारात धर्म कसा जगला जातो, याचे इतके प्रांजळ चित्रण मराठी आत्मचरित्रात दुर्मिळ आहे. धर्मांतराची कथा म्हणून हा ग्रंथ बाजूला ठेवणाऱ्याने आणि केवळ गंमत म्हणून वाचणाऱ्याने त्याचे अर्धेच पान वाचलेले असते.