‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ व त्याचे जुने रसिक

जुन्या नाटक मंडळीने नवी वाट धरली की तिचे जुने आश्रयदाते खिन्न होतात, हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे बालगंधर्वांना रुक्मिणी व सिंधू या रूपांत पाहिले होते, त्यांतील अनेकांना १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’ बोलपटातील त्यांचा एकनाथ मानवला नाही. रसिकांची अशी खिन्नता नेहमीच न्याय्य असते असे नाही. परंतु ती हसण्यावारी नेण्याजोगीही नसते. हल्ली तीच एका नव्या क्षेत्रात, म्हणजे व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात, दिसू लागली आहे.

जानेवारी २०२६ मध्ये आम्ही गेवराई तालुक्यातील चकलांबा येथे हुरड्याच्या निमित्ताने गेलो होतो. तेथे आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला, तो उदास मुद्रेने. कारण विचारता म्हणाला, “सर, आमचा राजपुत्र गेला.” फ्रान्समधील युबिसॉफ्ट कंपनीने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या खेळाची नवी आवृत्ती रद्द केल्याची वार्ता नुकतीच आली होती. चाळिशीतील गृहस्थाने खेळासाठी हळहळावे याचे आम्हांस प्रथम हसू आले. मागाहून विचार करता ते ओसरले.

हा राजपुत्र जन्मास आला १९८९ साली. जॉर्डन मेक्नर या अमेरिकन तरुणाने आपल्या धाकट्या भावास धावावयास व उड्या मारावयास लावून त्याचे चित्रण केले आणि त्यावरून राजपुत्राची चाल रेखाटली. राजकन्येच्या सुटकेस अवधी अवघा ६० मिनिटांचा. त्या चिमुकल्या आकृतीस देहाचा भार होता. उडी चुकली म्हणजे पडणे खरे वाटे. पुढे २००३ मध्ये युबिसॉफ्टच्या माँट्रियल येथील शाखेने मेक्नर यांच्या सहकार्याने ‘द सँड्स ऑफ टाइम’ रचला. त्यात राजपुत्राच्या हाती एक कट्यार येते व तिच्यातील वाळूच्या बळावर काही क्षणांपुरता काळ मागे फिरविता येतो. चूक सुधारण्याची ही सोय केवळ खेळणाऱ्याच्या सुखासाठी नव्हे. सारी कथा राजपुत्रच हिंदुस्थानच्या महाराजाची कन्या फराह हिला सांगत असतो. खेळणाऱ्याच्या हातून तो मेला, तर असे घडले नव्हते, अशा अर्थाचे काही बोलून तो निवेदन सावरून घेतो. अखेरीस तो सारा काळ मागे फिरवून अनर्थ टाळतो. पण त्यामुळे फराहला त्याची ओळखच उरत नाही. खेळाचा नियम आणि कथेचा अर्थ येथे एकजीव झालेले आहेत, आणि यालाच आम्ही कला म्हणतो.

पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, ‘वॉरियर विदिन’ आला. काळाशी खेळणाऱ्या राजपुत्राचा आता काळाचाच रक्षक पाठलाग करतो, ही कल्पना पहिल्या कथेतूनच स्वाभाविकपणे उगवलेली होती. तिला दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु तिच्यावर चढविलेला रक्तपाताचा व कर्कश संगीताचा साज बाजारातून उसना आणलेला होता. खुद्द मेक्नर यांनीही त्यातील कलादृष्टीविषयी व हिंसेविषयी आपली नापसंती उघडपणे व्यक्त केली. आमची कसोटी येथेच आहे. बदल कृतीच्या पोटातून आला असेल, तर तो पहिल्याने कितीही खुपो, रसिकाने धीर धरावा. तो शेजाऱ्याच्या दुकानाकडे पाहून केलेला असेल, तर रसिकाची तक्रार रास्त होय. कारण नाव तेच ठेवून त्या नावाने दिलेले वचन तेथे मोडलेले असते. याच राजपुत्राच्या एका आराखड्यातून निघालेल्या ‘असॅसिन्स क्रीड’ची (२००७) हीच गत झाली. लपतछपत, बेत आखून खेळावयाचा तो आटोपशीर खेळ २०१७ पासून विस्तारत गेला आणि २०२० च्या ‘व्हॅलहॅला’त इतका ऐसपैस झाला, की जुन्यांनी कुरकुर केली. २०२३ मध्ये ‘मिराज’च्या रूपाने कंपनीला पुन्हा लहान आकाराकडे वळावे लागले, ही त्या तक्रारीची एक प्रकारे कबुलीच होती.

आता आपल्या घरची गोष्ट. ‘सँड्स ऑफ टाइम’च्या नव्या आवृत्तीचे काम युबिसॉफ्टने आपल्या पुणे व मुंबई येथील शाखांवर सोपविले आणि सप्टेंबर २०२० मध्ये तिची घोषणा केली. नमुना पाहताच जगभरच्या चाहत्यांनी चेहरे निर्जीव व प्रकाशयोजना जुनाट असल्याचा गिल्ला केला. प्रकाशन लांबत गेले व मे २०२२ मध्ये काम माँट्रियलला हलविण्यात आले. तेव्हा पुण्यामुंबईच्या कारागिरांच्या कुवतीविषयी पुष्कळ बोलले गेले. नमुना उणा होता हे आम्ही नाकारीत नाही. परंतु मूळ खेळ जेथे घडला त्याच माँट्रियलमध्ये साडेतीन वर्षांहून अधिक काळ काम होऊनही शेवट रद्द होण्यातच झाला, हे ध्यानी घेता सारे खापर आपल्या मुलांच्या माथी फोडणे कितपत न्यायाचे? दोष चालकांच्या डळमळीत संकल्पाचाही असला पाहिजे.

परंतु रसिकांनाही एक प्रश्न विचारणे प्राप्त आहे. जानेवारी २०२४ मध्ये याच कंपनीच्या फ्रान्समधील माँपेलिए शाखेने ‘द लॉस्ट क्राउन’ हा नवा राजपुत्रीय खेळ आणला. १९८९ च्या मूळ वळणाची बाजूने दिसणारी धावपळ व उड्या त्यात होत्या, आणि टीकाकारांनी त्याची मनापासून वाखाणणी केली. तरी विक्री अपेक्षेइतकी झाली नाही, आणि त्याच वर्षी तो रचणारा चमू विखुरला गेला. म्हणजे ज्या गुणांसाठी हळहळ चालली होती, ते नव्या वेषात दारी आले, तेव्हा दार पुरते उघडले गेले नाही. आम्ही आमच्या विद्यार्थ्यास विचारले, “तो खेळ तू घेतलास काय?” तो क्षणभर थांबून म्हणाला, “नाही, सर. तो आमचा राजपुत्र नव्हता.”

उत्तर प्रामाणिक होते. पण त्यातच त्याच्या दुःखाची दुसरी बाजू उघडी पडली. त्याला खेळ हवा होता त्याहून अधिक तो खेळतानाचे आपले विसावे वर्ष हवे होते, आणि ते देणे कोणत्याही कंपनीच्या हाती नाही. वचन मोडल्याचा जाब रसिकाने कंपनीला अवश्य विचारावा. पण गेलेला काळ तिच्याकडे मागू नये. काळ मागे फिरविला तरी फराह राजपुत्रास ओळखत नाही, हे त्याच्या आवडत्या खेळानेच त्याला २००३ साली सांगून ठेवले होते.