अशांत प्रदेशाची बातमी आणि संथ प्रगती : गडचिरोलीच्या वृत्तांकनाची चिकित्सा

प्रस्तावना

युद्ध किंवा सशस्त्र संघर्ष चालू असलेल्या प्रदेशाच्या वृत्तांकनाविषयी एक तक्रार सातत्याने ऐकू येते. प्रसारमाध्यमांना स्फोट, हल्ले आणि मृतदेह तेवढे दिसतात. त्याच प्रदेशात उघडलेल्या शाळा, झालेले रस्ते आणि सावरलेले संसार दिसत नाहीत, अशी ती तक्रार होय. २००३ नंतर इराकच्या संदर्भात अमेरिकी शासनाने ती वारंवार मांडली. परंतु २००५ च्या अखेरीस असे उघडकीस आले की, अमेरिकी लष्कराच्या बाजूने लिहिलेला अनुकूल मजकूर इराकी वृत्तपत्रांत पैसे देऊन छापवून आणला जात होता. म्हणजे तक्रार करणाराच बातमी पुरविणारा ठरला. या अनुभवामुळे प्रस्तुत प्रश्नाचे उत्तर केवळ 'होय' किंवा 'नाही' असे देता येत नाही.

हा प्रश्न महाराष्ट्रात तपासावयाचा तर गडचिरोली जिल्ह्याकडे वळावे लागते. गडचिरोली हा देश नव्हे आणि तेथील संघर्षाला शासन युद्ध म्हणत नाही. तथापि २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा निर्मितीपासूनच नक्षलवादी हिंसेच्या छायेत राहिला. उर्वरित महाराष्ट्राला तो प्रामुख्याने बातम्यांतूनच माहीत आहे. हिंगोलीच्या वाचकाचा तर या बातम्यांशी निकटचा संबंध आहे. राज्य राखीव पोलीस दलाच्या गट क्रमांक १२ चे मुख्यालय हिंगोली येथे आहे आणि राखीव दलाच्या तुकड्या गडचिरोलीच्या बंदोबस्तावर जात असतात. ज्या घरातील मुलगा तिकडे आहे त्या घरात सकाळचे वर्तमानपत्र निराळ्या मनाने उघडले जाते. त्या घराला गडचिरोलीविषयी काय कळते आणि काय कळत नाही, हा या लेखाचा विषय आहे.

घटना आणि प्रक्रिया

योहान गाल्टुंग आणि मारी होल्मबो रूगे या नॉर्वेजियन अभ्यासकांनी १९६५ मध्ये काँगो, क्यूबा व सायप्रस येथील संकटांचे वृत्तांकन तपासून बातमीच्या निवडीचे काही निकष मांडले. त्यांतील एक निकष कालावधीचा आहे. जी घटना वृत्तपत्राच्या दोन अंकांच्या दरम्यान घडून पुरी होते, ती सहज बातमी होते. जी अनेक वर्षे घडत राहते, ती एकाही दिवसाची बातमी होत नाही. प्रतिकूल घटना बहुधा अचानक घडतात, तर अनुकूल बदलाला वेळ लागतो. त्यामुळे कोणाच्याही मनात दुष्ट हेतू नसताना पारडे हिंसेकडे झुकते.

गडचिरोलीच्या बाबतीत हा निकष तंतोतंत लागू पडतो. २००९ या एकाच वर्षात मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी या तीन घटनांत ४८ पोलीस मृत्युमुखी पडले. १ मे २०१९ रोजी जांभूळखेडा येथील भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस व त्यांच्या वाहनाचा चालक ठार झाला. या बातम्या पहिल्या पानावर आल्या आणि त्या तेथेच यावयास हव्या होत्या. अशा मृत्यूंची बातमी आतल्या पानावर ढकलणे ही सकारात्मकता नसून क्रूरता ठरेल.

आता याच जिल्ह्यातील दुसरे उदाहरण घेऊ. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत नवजात बालकांच्या घरोघरी सेवेचा प्रयोग केला. गावातल्याच प्रशिक्षित स्त्रिया घरी जाऊन बाळाची तपासणी करीत आणि जंतुसंसर्गावर उपचार करीत. या गावांतील नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून तीन वर्षांत सुमारे २५ पर्यंत खाली आला. हे निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून ही पद्धत 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारली गेली. परंतु तो दर खाली येत असताना कोणत्या दिवशी बातमी द्यावयाची होती? मेलेल्या मुलाची तारीख असते. वाचलेल्या मुलाची तारीख नसते. वृत्तपत्र तारखेवर चालते आणि येथेच त्याची मर्यादा दिसून येते.

आवृत्तीची सीमा

माध्यमे प्रगतीची दखलच घेत नाहीत, हे विधान मात्र गडचिरोलीतील वाचकाला पटणार नाही. मराठी दैनिकांच्या तेथील जिल्हा पानांवर ग्रामसभांचे निर्णय, तेंदूपानांचे लिलाव, शाळांचे निकाल, आश्रमशाळांची दुरवस्था, पावसाळ्यात संपर्क तुटलेली गावे असे सर्व काही येते. तालुक्याचा वार्ताहर आपले काम करीत असतो. प्रश्न असा आहे की, त्याने दिलेली बातमी कोठपर्यंत पोहोचते.

मराठी दैनिकांनी जिल्हानिहाय आवृत्त्या व पुरवण्या सुरू केल्यापासून गावोगावच्या बातमीला जागा मिळाली, हा मोठा लाभ होय. पण त्याच व्यवस्थेने जिल्ह्याच्या सीमेवर एक अदृश्य भिंतही उभी केली. गडचिरोलीतील चकमक ही भिंत ओलांडून हिंगोलीच्या अंकात येते; गडचिरोलीतील ग्रामसभेचा लिलाव येत नाही. परिणामी, एकाच दैनिकाचे दोन वाचक दोन निरनिराळ्या गडचिरोली वाचतात. तेथील वाचकाच्या गडचिरोलीत हिंसा असते आणि जीवनही असते. येथील वाचकाच्या गडचिरोलीत केवळ हिंसा असते.

हिंगोलीकरांना हे समजणे अवघड नाही. आपला जिल्हाही पुण्या-मुंबईच्या पानांवर बहुधा अवर्षण आणि शेतकरी आत्महत्या यांच्या निमित्तानेच पोहोचतो. वसमतच्या हळदीने या भागातील शेतीचे गणित कसे बदलले, याची सविस्तर कथा आपण आपल्याच जिल्हा पानावर वाचतो.

व्यक्ती, समारंभ आणि गाव

भिंत ओलांडणाऱ्या अनुकूल बातम्याही असतात. पण त्यांना दोनच वाहने उपलब्ध असतात, थोर व्यक्ती आणि समारंभ. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी डिसेंबर १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांना २००८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि या कार्यावर भरपूर लिहिले गेले. ते योग्यच आहे. परंतु अशा लेखनात माडिया माणूस रुग्ण किंवा विद्यार्थी म्हणून येतो; आपल्या गावाचा निर्णय घेणारा म्हणून क्वचितच येतो.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही या गावाची घोषणा प्रसिद्ध आहे. वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले गेले, तेव्हा ही बातमी देशभर पोहोचली. वास्तविक त्या दिवसामागे अनेक वर्षांची अभ्यासगटांची परंपरा होती आणि बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेण्याची शिस्त होती. मेंढ्याचे खरे यश हेच होय. समारंभ छापला गेला. ज्या बैठकांमुळे तो घडला त्या छापल्या गेल्या नाहीत. बांबूविक्रीच्या पैशाचे पुढे गावाने काय केले, याकडेही राज्य पातळीवरील पानांनी फारसे पाहिले नाही.

अनुकूल बातमी कोण देतो?

अशांत प्रदेशात वार्ताहराला दोन्ही बाजूंचा धाक असतो आणि दुर्गम गावापर्यंत स्वतः जाणे कठीण असते. म्हणून बातमीचा मुख्य आधार पोलीस व प्रशासन यांची प्रसिद्धिपत्रके हा राहतो. प्रगतीची बातमीही बहुधा त्याच मार्गाने येते, आणि येथे इराकचा धडा आठवावा लागतो.

१ जानेवारी २०२५ रोजी एटापल्ली तालुक्यातील गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी मार्गावर मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते एस.टी. बससेवेचा प्रारंभ झाला. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी त्या भागात बस धावली, ही निःसंशय आनंदाची बातमी आहे. आजारी माणसाला खाटेवरून नेणाऱ्या कुटुंबासाठी बसचे मोल शब्दांत सांगता येणार नाही. तथापि याच तालुक्यातील तोडगट्टा येथे २०२३ मध्ये माडिया ग्रामसभांनी खाणी व त्यांसाठीचे रस्ते यांविरुद्ध अनेक महिने ठिय्या आंदोलन केले होते. ज्या रस्त्याने बस येते त्याच रस्त्याने खनिजाची अवजड वाहने येतील, अशी भीती तेथील माणसाला वाटत असेल तर ती प्रगतीच्या बातमीचाच भाग आहे. सुरजागडच्या लोहखनिजाने रोजगार मिळाला हे जितके छापावे, तितकेच जंगल, पाणी आणि ग्रामसभेची संमती यांविषयीही छापावे. प्रगती कोणाची आणि कोणाच्या संमतीने, हे न विचारता लिहिलेली अनुकूल बातमी ही पत्रकारिता नसून जाहिरात होय.

याउलट, प्रतिकूल बातमीनेही प्रगती घडते. बालमृत्यूंचा मोठा भाग शासकीय नोंदींत येतच नाही, हे 'सर्च' व सहकारी संस्थांनी 'कोवळी पानगळ' या अहवालातून २००१ मध्ये दाखवून दिले. माध्यमांनी तो विषय लावून धरला आणि पुढे शासनाला डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली. ही बातमी 'नकारात्मक' म्हणून टाळली गेली असती, तर हानी कोणाची झाली असती, हे वेगळे सांगावयास नको.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, माध्यमे प्रगतीकडे दुर्लक्ष करतात हे निदान अर्धेच खरे आहे. त्यांच्या नजरेतून सुटते ती संथपणे घडणारी गोष्ट. मग ती प्रगती असो वा अधोगती. बालमृत्यूचा उतरता दर जसा दिसत नाही, तशीच उद्घाटनानंतर बंद पडलेली सेवाही दिसत नाही. म्हणून यावरचा उपाय 'चांगल्या बातम्यांचे पान' हा नसून पाठपुरावा हा आहे. जिल्हा वार्ताहराची सहा महिन्यांनी दिलेली फेरबातमी राज्याच्या पानावर आली, प्रसिद्धिपत्रकाशेजारी ग्रामसभेचे म्हणणे आले, तर वेगळी सकारात्मकता शोधावी लागणार नाही.

आज हे अधिक निकडीचे झाले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने आपल्या ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. हिंसा ओसरत आहे आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण जो जिल्हा राज्याला केवळ रक्तपाताच्या बातमीतून दिसत होता, तो रक्तपात थांबताच राज्याच्या नजरेतून नाहीसा होण्याचा धोका आहे. बस चालू राहिली काय, शाळेत शिक्षक आला काय, जंगलावरचा हक्क कागदावरून जमिनीवर उतरला काय, हे विचारण्याची वेळ आता आली आहे, आणि नेमक्या याच वेळी बातमीदाराला तिकडे जाण्याचे कारण उरणार नाही. हिंगोलीहून बंदोबस्तावर गेलेला जवान घरी परतेल तेव्हा त्याच्या घरच्यांना गडचिरोली शांत झाल्याचे कळेल. ती शांतता तेथील माणसाच्या पदरात काय टाकून गेली, हे त्यांना वर्तमानपत्रातून कळावे, एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.