खेकड्यातलं कॅल्शियम : एका आकड्याची उलटतपासणी

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात आमच्या वर्गाने आहारावर छोटं प्रदर्शन भरवलं होतं. माझ्याकडे खेकड्याचं पोस्टर होतं. मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : ‘१०० ग्रॅम खेकड्याच्या मांसात १३७० मिलिग्रॅम कॅल्शियम. मुलांच्या हाडांसाठी वरदान!’ उद्गारचिन्ह माझंच.

एक काकी पोस्टरसमोर थांबल्या, आकडा मोठ्याने वाचला आणि म्हणाल्या, “अगो बाय, पण कवच आमी खंय खातंव?”

मी हसून म्हटलं, “काकी, हे मांसातलंच आहे, कवचातलं नाही.” त्या मान हलवून पुढे गेल्या. माझं उत्तर चुकीचं होतं. पण ते चुकीचं आहे हे कळायला मला दोन वर्षं लागली. संशोधनाकडे वळणाऱ्यांनी एखादा आकडा कसा वाचावा, हे समजायला हे उदाहरण फार चांगलं आहे, म्हणून ते सविस्तर मांडतेय.

आकडा आला कुठून?

‘न्यूट्रिटिव्ह व्हॅल्यू ऑफ इंडियन फूड्स’ हे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं पुस्तक. गोपालन, राम शास्त्री आणि बालसुब्रमणियन यांचं. १९७१ साली आलं, १९८९ मध्ये सुधारलं गेलं. या पुस्तकाशिवाय आपल्याकडे आहारशास्त्र शिकवताच आलं नसतं, इतकं ते मोठं काम आहे. त्यामुळे टीका पुस्तकावर कमी आणि त्यातली ओळ डोळे मिटून उतरवणाऱ्या माझ्यासारख्यांवर जास्त आहे.

‘खेकडा, मांस’ ही ओळ १०० ग्रॅमसाठी अशी : पाणी ८३.५ ग्रॅम, प्रथिने ८.९, स्निग्ध पदार्थ १.१, खनिजे ३.२, कर्बोदके ३.३, ऊर्जा ५९ किलोकॅलरी, कॅल्शियम १३७० मिलिग्रॅम, फॉस्फरस १५०.

आता अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यातला कच्चा ब्लू क्रॅब बघा : पाणी साधारण ७९ ग्रॅम, प्रथिने १८, स्निग्ध पदार्थ १.१, कर्बोदके जवळजवळ शून्य, कॅल्शियम ८९ मिलिग्रॅम.

म्हणजे कॅल्शियममध्ये पंधरापट फरक! पहिली शंका येते ती जातीची. पण जात बदलली म्हणून स्नायूतलं कॅल्शियम पंधरापट होत नाही. त्याच अमेरिकन तक्त्यात अलास्काचा किंग क्रॅब आहे, त्यात कॅल्शियम ४६. प्राणी अगदी वेगळा, तरी आकडा त्याच टप्प्यातला. स्नायूच्या पेशीत कॅल्शियम फार कडक नियंत्रणात असतं, कारण त्याच्याच इशाऱ्यावर स्नायू आकुंचन पावतो. खेकड्याचा कॅल्शियमचा साठा असतो तो कवचात, कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात.

ओळीचीच साक्ष काढू

दुसरा तक्ता हाताशी नसता, तरी ही ओळ आपणहून बरंच काही सांगते. फक्त गणित करायला हवं.

पहिलं, कोरड्या वजनावर या. ओल्या नमुन्यांची तुलना फसवी असते. कात टाकलेल्या खेकड्याच्या मांसात पाणी जास्त असतं. कोकणात ‘भरलेला’ आणि ‘पोकळ’ खेकडा हा फरक कोणीही हाताने तोलून सांगतं. म्हणून पाणी वजा करा. आपल्या ओळीत उरतात १६.५ ग्रॅम, त्यात प्रथिने ८.९, म्हणजे सुमारे ५४ टक्के. ब्लू क्रॅबमध्ये उरतात २१ ग्रॅम, त्यात प्रथिने १८, म्हणजे ८६ टक्के. म्हणजे पाण्याचा दोष काढून टाकला तरी आपल्या नमुन्यात मांसाखेरीज दुसरं काहीतरी बरंच आहे.

दुसरं, कर्बोदके ३.३ कशी? खेकड्याच्या मांसात ती नगण्य असतात. ओळीतले पहिले पाच आकडे जोडून बघा, बेरीज बरोबर १०० येते. याचा अर्थ कर्बोदके मोजलेली नाहीत. बाकीचं सगळं शंभरातून वजा केलं, जे उरलं त्याला कर्बोदके म्हटलं. ही पद्धत जगभर वापरतात, त्यात गैर काही नाही. पण बाकीच्या मोजमापात सापडलं नाही ते सगळं या रकान्यात येऊन पडतं. नमुन्यात कवचाचे तुकडे असतील तर त्यातल्या कायटिनचा मोठा भागही इथेच येणार.

तिसरं, १३७० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात असेल तर त्या कार्बोनेटचं वजन होतं ३.४ ग्रॅम. ओळीतली एकूण खनिजे मात्र ३.२! भाग पूर्णापेक्षा मोठा. भट्टी फार तापून कार्बोनेटचा ऑक्साइड झाला असेल तर तो १.९ ग्रॅम भरतो आणि हिशेब जुळतो. दोन्ही प्रकारे दिसतं एकच. त्या राखेत मोठा वाटा कॅल्शियमच्या क्षारांचा होता, आणि ती मांसाची राख वाटत नाही.

शिवाय त्याच तक्त्यात ‘लहान खेकडा’ अशी वेगळी ओळ आहे, कॅल्शियम १६०६. ‘मांस’ म्हटलेला नमुना त्याच्या इतक्या जवळ का असावा?

माझा निष्कर्ष असा की नमुन्यात कवच मिसळलेलं होतं. नांग्या फोडून मांस काढणाऱ्या कोणालाही हे पटेल. बारीक कपच्या कितीही निवडल्या तरी दाताखाली येतातच.

बिघडतं काय?

समजा पाच वर्षांच्या मुलाने ३० ग्रॅम मांस खाल्लं. १३७० चा आकडा धरला तर त्याला ४११ मिलिग्रॅम कॅल्शियम मिळालं. या वयाची दिवसाची शिफारस ५५० आहे, म्हणजे पाऊण काम झालं. ८९ चा आकडा धरला तर मिळाले २७, म्हणजे ५ टक्के. माझं पोस्टर वाचून एखाद्या आईने ‘आज कुर्ल्या आहेत, दूध-नाचणी राहू दे’ असं ठरवलं असेल, तर त्या दिवसाचं पोराचं कॅल्शियम मी खाल्लं. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास असतं, आणि ती कवचासकट मोजलेली नसते.

यावरून खेकडा निरुपयोगी ठरत नाही. त्याची खरी बाजू वेगळी आहे. भरपूर आणि उत्तम प्रतीची प्रथिने, कमी चरबी, जस्त, सेलेनियम आणि बी-१२. तीस ग्रॅम मांसातून त्या मुलाला पाचेक ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि ते कमी नाही. प्रौढ माणसाला १०० ग्रॅम मांसातून दिवसभराचं बी-१२ सहज मिळतं. फक्त हे १०० ग्रॅम मांस आहे हे विसरू नका. बाजारातल्या एक किलो खेकड्यातून मांस निघतं साधारण पाव ते तिसरा हिस्सा.

मुलांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. एक, ॲलर्जी. ती घडवणारं मुख्य प्रथिन, ट्रोपोमायोसिन, शिजवूनही टिकतं. म्हणून पहिल्यांदा देताना अगदी थोडं द्यावं आणि लक्ष ठेवावं. दोन, कॅडमियम. पाठीखालच्या पिवळसर-तपकिरी भागात, म्हणजे यकृतासारख्या अवयवात, ते साठतं. युरोपीय संघाची खेकड्यासाठीची कॅडमियमची मर्यादा पांढऱ्या मांसापुरती आहे, तपकिरी भागाला ती लागूच नाही. युरोपातल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने आठवड्याला किलो वजनामागे २.५ मायक्रोग्रॅम इतकं कॅडमियम सहन होण्याजोगं मानलं आहे. म्हणजे ६० किलोच्या माणसाला १५०, पण १६ किलोच्या पोराला फक्त ४०. ‘प्रौढांसाठी चांगलं’ याचा अर्थ ‘मुलांसाठी त्याच मापात चांगलं’ असा होत नाही, तो असा.

तुमच्यासाठी

प्रबंधाच्या प्रस्तावनेत आकडा उतरवण्याआधी चार प्रश्न विचारा. नमुन्यात नेमकं काय घेतलं होतं? आकडा ओल्या वजनावर आहे की कोरड्या? कोणता रकाना मोजलेला आहे आणि कोणता वजाबाकीने आलाय? आणि प्रथिने नायट्रोजनला ६.२५ ने गुणून काढली असतील, तर तो नायट्रोजन कोणाचा? कायटिनमध्येही सुमारे ६.९ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे नमुन्यात शिरलेलं एक ग्रॅम कायटिन ०.४ ग्रॅम ‘प्रथिन’ बनून कागदावर येऊ शकतं.

आणि तक्ता जुना असेल तर नवा शोधा. त्याच संस्थेने २०१७ मध्ये देशभरातून नमुने गोळा करून ५२८ पदार्थांचे नवे तक्ते काढले आहेत. तरीही १३७० फिरतोच आहे, कारण तो मोठा आहे आणि पोस्टरवर शोभतो.

आता काकींच्या प्रश्नाकडे परत. कवच आपण खात नाही हे खरं, पण लहान पाय वाटून, गाळून तो रस कालवणात घालतोच, वर कोकमं टाकतो. कार्बोनेट पाण्यात जवळपास विरघळत नाही, आंबटात विरघळतं. तेव्हा ताटातल्या रश्शात कॅल्शियम किती उतरतं, हे मोजायला हवं, तेही कवचाचा कण न् कण गाळून. विषय शोधत असाल तर हा घ्या. मात्र नमुना कसा घ्यायचा ते आधी स्वयंपाक करणाऱ्या बाईला विचारा. मी त्या दिवशी तेवढंच केलं नाही.