शिधा कुणाच्या घरचा? नर्मदेची पुस्तकं वाचताना

नर्मदा परिक्रमेचं पुस्तक वाचून नोकरी सोडावीशी वाटणं हा मराठी घरांमधला आता ओळखीचा ताप आहे. आमच्या ऑफिसात तो दर दिवाळीनंतर येतो. कुणीतरी कुणालातरी पुस्तक देतं, आठ दिवसांत ते वाचून होतं आणि मग कॅन्टीनमध्ये ‘सहा महिने बिनपगारी रजा मिळते का रे?’ ही चर्चा सुरू होते. मलाही हा ताप येऊन गेला आहे, अजून पूर्ण उतरलेला नाही. म्हणूनच मला ही पुस्तकं जरा वेगळ्या कारणासाठी पुन्हा वाचावीशी वाटली. ती ‘जा’ असं फार जोरात सांगतात. पण ‘कसं जा’ हे सांगतात का?

ज्यांना परिक्रमा नुसती ऐकून माहीत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. अमरकंटकला उगम पावलेली नर्मदा १३१२ किलोमीटर वाहून भरूचजवळ समुद्राला मिळते. ती उजव्या हाताला ठेवून चालायचं, पात्र ओलांडायचं नाही, मुखापाशी नावेने पलीकडच्या तीरावर जायचं आणि तिथून परत वर. म्हणजे दोन्ही काठ धरून अडीच हजार किलोमीटरच्या पुढे. शास्त्राप्रमाणे ३ वर्षं, ३ महिने, १३ दिवस. चातुर्मासात एका जागी मुक्काम. जवळ पैसे ठेवायचे नाहीत, मिळेल ते खायचं. गावातून, आश्रमातून परिक्रमावासीला जो शिधा किंवा जेवण मिळतं, त्याला सदावर्त म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा.

मराठीत हा ताप घरोघरी पोचवला तो जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’ने. त्याआधी गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ होती, पण ती कादंबरीच्या अंगाने जाते, वाचक तिच्या प्रेमात पडतो आणि घरीच राहतो. कुंट्यांचं पुस्तक वाचून माणसं उठून चालायला लागली. याचं मोठं श्रेय भाषेला आहे. समोर बसून गप्पा माराव्यात तशी ती आहे. अध्यात्माचं पुस्तक असूनही त्यात प्रवचनाचा सूर नाही. आणि त्याची रचना जबरदस्त पकड घेणारी आहे: माणूस अडचणीत सापडतो, सगळं संपलं असं वाटतं आणि नेमक्या वेळी कुणीतरी येतं. वाट दाखवतं, भाकरी देतं, निघून जातं. अश्वत्थामासुद्धा या पुस्तकात भेटतो. लेखकाच्या लेखी ही सगळी मैयाची कृपा आहे. त्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. ज्याने हा रस्ता एकदा नव्हे, अनेकदा पायी तुडवला, त्याला तो कसा दिसला हे सांगायचा पूर्ण हक्क त्याला आहे.

माझी अडचण वाचक म्हणून सुरू होते. चमत्काराचा सल्ला म्हणून उपयोग करता येत नाही. ‘तू निघ, बाकीचं मैया बघेल’ हे वाक्य प्रेरणा म्हणून बावनकशी आहे, नियोजन म्हणून त्यात काहीच नाही. आणि मी मुलगी आहे. संध्याकाळ झाली की झाडाखाली पथारी टाकायची, हा सल्ला मला लागू होतच नाही. रात्री दार लागणारी खोली कुठे मिळेल, पहाटे आडोसा कुठे असेल, पाळी आली तर आश्रमात आत घेतील का, हे माझे प्रश्न आहेत. पुरुषांच्या पुस्तकांत त्यांची उत्तरं नाहीत, कारण त्यांना ते पडलेच नाहीत. यात त्यांची लबाडी नाही. पण पुस्तक हातात घेऊन घराबाहेर पडणारीने हे आधी ओळखायला हवं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. कृपेच्या गोष्टीत भाकरी देणारा माणूस हळूहळू पुसट होतो. तो निमित्त ठरतो. देणारी मैया, त्यामुळे त्याच्या चुलीवर त्या दिवशी आणखी काय होतं, हे विचारायची गरज उरत नाही.

भारती ठाकूर यांचं ‘नर्मदा परिक्रमा : एक अंतर्यात्रा’ मी याच प्रश्नासाठी वाचलं. त्यांनी २००५-०६ मध्ये पायी परिक्रमा केली. श्रद्धा तिथेही आहे; नावातच अंतर्यात्रा आहे. पण त्यांची नजर सारखी बाहेर जाते. जेवू घालणाऱ्या घरातली मुलं शाळेत जातात का, गेली तर त्यांना वाचता येतं का, ही चौकशी त्या चालता चालता करतात. लेखन म्हणून पाहिलं तर कुंट्यांच्या पुस्तकाची ओढ याला नाही. पुढे काय होणार या उत्सुकतेने पान उलटलं जात नाही. पण पुस्तक मिटल्यावर माणसं लक्षात राहतात. आणि त्या प्रवासाचा शेवट पुस्तकाबाहेर झाला. नोकरी मागे ठेवून ठाकूर निमाडात परत गेल्या आणि लेपा या गावी त्यांनी मुलांसाठी शिक्षणाचं काम उभं केलं. ज्यांच्या घरी जेवलो त्यांचं आपण काय लागतो, या प्रश्नाचं इतकं सरळ उत्तर मी दुसऱ्या कुठल्या प्रवासवर्णनामागे पाहिलेलं नाही.

तिसरा माणूस मराठी नाही, पण या कपाटात हवाच: जबलपूरचे अमृतलाल वेगड. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकलेले चित्रकार, पेशाने कलाशिक्षक. त्यांनी १९७७ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, पहिला टप्पा चालला आणि पुढची अनेक वर्षं ते नर्मदाकाठ तुकड्यातुकड्यांनी चालत राहिले. हिंदी आणि गुजराती दोन्हींत त्यांनी ते लिहिलं. ‘सौंदर्य की नदी नर्मदा’ हे त्यातलं सगळ्यांत गाजलेलं. शीर्षकच सांगतं की हा माणूस पुण्य मोजायला गेलेला नाही. बरोबर विद्यार्थी, मित्र, पुढे पत्नी, झोळीत स्केचबुक. वेगडांच्या पुस्तकातली सगळ्यांत उपयोगी गोष्ट मला त्यांच्या वेळापत्रकात सापडली. राजीनामा न देता, संसार न सोडता, जेवढी सुट्टी तेवढी नदी. कडक नियमाची माणसं याला परिक्रमा म्हणणार नाहीत. ज्यांच्या पगारातून घराचा हप्ता जातो, त्यांनी मात्र हे पुस्तक आधी वाचावं.

आता या सगळ्या पुस्तकांमधली वाट. ती बऱ्याच ठिकाणी पाण्याखाली आहे. वेगडांचा पहिला टप्पा जबलपूर ते मंडला हा होता. बरगी धरण झालं आणि तिथला जुना काठ बुडाला. पुढे इंदिरा सागर आलं, आणि २०१७ मध्ये सरदार सरोवराचं लोकार्पण झालं, १३८.६८ मीटर उंचीसह. परिक्रमेच्या पुस्तकांत ज्या शूलपाणीच्या झाडीची भीती घातलेली असते, जिथे वाटसरूला लुटलं जायचं, तिचा मोठा भाग त्या जलाशयात गेला. तो भाग आपल्याही घरचा आहे: नंदुरबार जिल्ह्यातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं या धरणाने बाधित झाली. मणिबेली त्यांतलंच. पुस्तकात ‘लुटारू भिल्ल’ म्हणून दोन पानांत येऊन जाणाऱ्या लोकांची ही गावं. वाटसरूचं घोंगडं गेलं त्याची हकीकत आपण पुन्हा पुन्हा वाचतो. त्यांचं गाव गेलं, ती हकीकत परिक्रमेच्या कपाटात नसते, आंदोलनाच्या कपाटात असते. दोन्ही कपाटं एकाच नदीची आहेत.

माझ्या धंद्यात एक साधी गोष्ट शिकवतात: दहा जणांसाठी नीट चालणारी व्यवस्था दहा हजारांसाठी चालेलच असं नाही. सदावर्ताचंही तसंच आहे. वर्षाकाठी मोजके साधू दारात येत होते तेव्हाचा रिवाज आणि पुण्या-मुंबईहून पुस्तक वाचून आलेली, खिशात फोन आणि खात्यात पगार असलेली माणसं, यांत फरक आहे. गरिबाच्या घरी जेवू नका असं मी म्हणत नाही. नाही म्हणणं हा तिथे अपमान ठरू शकतो. पण ‘एक पैसा न खर्चता परिक्रमा केली’ हे अभिमानाने सांगताना तो खर्च कुणीतरी केलेला असतो, एवढं तरी पुस्तकाने सांगावं आणि आपण वाचावं.

म्हणून आता मी या पुस्तकांचं वाचन वाटून घेतलं आहे. उठायला बळ हवं तेव्हा कुंटे. किती चालायचं आणि कसं थांबायचं यासाठी वेगड. आणि कुणाच्या दारात उभी आहे हे कळायला ठाकूर. माझे आईबाबा म्हणतात, पुस्तकं वाचून कुणी नदीवर जातं का? जातं. जानेवारीत ९ दिवसांची रजा मंजूर झाली आहे. अमरकंटक ते डिंडोरी, मैत्रिणीसोबत. (डिंडोरी मध्य प्रदेशातली, नाशिकजवळची दिंडोरी नव्हे, हे आईला तीनदा सांगून झालं.) पाठपिशवीत एक वही आहे. जिथे जेवू तिथे घरातल्या बाईचं नाव आधी विचारायचं आणि ते वहीत पहिल्या ओळीवर लिहायचं, एवढं ठरलं आहे.